दोन डबे

परवा माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. गेली काही वर्षं ती लंडनला असते. पुढच्या महिन्यात तिचे आई-वडील पहिल्यांदाच तिच्याकडे जाणार आहेत. तिला आणि जावयाला एवढी सुट्टी नाही, त्यामुळे एक-दोन दिवस तरी त्या दोघांना आपलं आपणच फिरावं लागणार. "बाई, तुम्ही आणि सर फिरला होतात ना दोघंच? एका दिवसात काय काय बघून होईल?" (आमचे हे सर नव्हेत, एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. पण बाईंचे यजमान म्हणजे सरच, अशी आमच्या मुलींची ठाम समजूत. असो.)

मी म्हटलं, "एक काम कर. एक दिवस त्यांना वेगवेगळं सोड."

फोनवर क्षणभर शांतता. मग, "वेगवेगळं म्हणजे?"

"म्हणजे आई एकीकडे, बाबा दुसरीकडे. संध्याकाळी भेटतील."

ती हसली. बाईंचा विनोद वाटला तिला. पण मंडळी, तो विनोद नव्हता. हे माझं गेल्या काही वर्षांत पक्कं झालेलं मत आहे आणि ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी त्यांनी ते हसण्यावारी नेलं आहे, किंवा "तुमचं काही बिनसलं होतं का तेव्हा?" असं दबक्या आवाजात विचारलं आहे. म्हणून आज सगळं सविस्तर लिहायचं ठरवलं. नातेवाइकांनीही वाचावं, म्हणजे सुटे सुटे खुलासे करायला नकोत.

गोष्ट २०१८ च्या सप्टेंबरातली. आम्ही मुलाकडे लंडनला गेलो होतो, दीड महिना. तो वेम्ब्लीला राहतो. पहिले पंधरा दिवस मुलाने आणि सुनेने शनिवार-रविवार धरून भरपूर हिंडवलं. राजवाडा झाला, टॉवर ब्रिज झाला, मादाम तुसाँचे मेणाचे पुतळे झाले. तक्रार करायला जागा नाही, दोघांनी हौसेने केलं. पण रात्री घरी आल्यावर पाय चेपत बसले की मला आठवायचं ते काय? तर ह्यांची पाठ! कारण दिवसभर मी ह्यांच्या मागून चाललेली असायची. आणि ह्यांना आठवायचं काय, तर "तू सारखी मागे राहत होतीस".

संग्रहालयात जोडप्यांकडे जरा लक्ष देऊन बघा. आपली असोत की गोरी, प्रकार एकच. एकाला पाटी वाचायची असते, दुसऱ्याची वाचून झालेली असते. एकाला बसायचं असतं, दुसऱ्याला पुढच्या दालनात जायचं असतं. दोघांपैकी कुणीतरी एक सतत वाट बघत असतो आणि ज्याची वाट बघितली जातेय त्याला ते पाठीवर जाणवत असतं. दोघंही अर्धंच बघतात. आणि खरी गंमत पुढेच आहे. रात्री जेवताना बोलायला काही नसतं, कारण जे काय अर्धंमुर्धं पाहिलं ते दोघांनी एकच पाहिलेलं असतं!

तर, एका बुधवारी मुलगा-सून दोघंही कामावर आणि आम्ही मोकळे. मुलाने कागदावर नऊ ठिकाणांची यादी करून दिली होती, वेळेसकट. ह्यांना ती यादी फार आवडली. आयुष्यभर गाड्यांच्या वेळा लावलेला माणूस! मी यादी वाचली. तिच्यात ह्यांना बघायचं होतं ते लॉर्ड्सचं मैदान नव्हतं आणि मला बघायचं होतं ते ग्रीनिचही नव्हतं. दोन्ही बसवायची म्हटली तर एक शहराच्या वायव्येला, दुसरं पार आग्नेयेला. मी म्हटलं, "मला क्रिकेटचं मैदान बघून काय करायचंय?" हे म्हणाले, "आणि मला त्या रेघेशी काय करायचंय?"

त्या रेघेशी! मी एकतीस वर्षं हायस्कूलला भूगोल शिकवला. मराठीही शिकवायची, पण जीव भूगोलात. एकतीस वर्षं दर जूनमध्ये फळ्यावर पृथ्वीचा गोल काढून मधोमध उभी रेघ ओढली आणि म्हटलं, "हे शून्य अंश रेखावृत्त, इंग्लंडमधल्या ग्रीनिच गावावरून जातं." भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटं पूर्वेवरून, ती मिर्झापूरजवळून जाते. एका अंशाला चार मिनिटं. साडेब्याऐंशी गुणिले चार, तीनशे तीस मिनिटं, म्हणजे साडेपाच तास. हे गणित मी झोपेतही सोडवीन. हजारो मुलांना ज्या गावाचं नाव पाठ करायला लावलं ते गाव गाडीने तासाभराच्या अंतरावर होतं, आणि ते न बघता मी परत आले असते तर सांगलीत कुणाला तोंड दाखवलं असतं?

तेव्हा मीच म्हटलं, "तुम्ही तुमच्या मैदानावर जा, मी माझ्या रेघेकडे जाते. चार वाजता कुठेतरी भेटू." वाक्य तोंडातून गेलं आणि मीच चपापले. १९७५ साली लग्न झालं. त्रेचाळीस वर्षांत आम्ही परगावी गेलो आणि दोघांनी दोन वाटा धरल्या, असं एकदाही झालं नव्हतं. परदेशात तर पैसे ह्यांच्याकडे, पासपोर्ट ह्यांच्याकडे, फोन ह्यांच्याकडे. माझ्याकडे काय, तर ह्यांच्या बीपीच्या गोळ्या, मफलर आणि खाण्याचा डबा. म्हणजे ह्यांच्याशिवाय माझं अडणार आणि माझ्याशिवाय ह्यांचं. ह्याला आपल्याकडे संसार म्हणतात. ते खोटं आहे असं माझं म्हणणं नाही, पण त्यात एक लबाडीही आहे. आपल्याला एकटं काही जमतं की नाही, हे तपासून बघायची वेळच येत नाही. ती कधीतरी येतेच. तेव्हा कुणी विचारत नाही, तयारी आहे का म्हणून.

त्या सकाळी मी दोन डबे भरले. दशम्या, लसणाची चटणी, थोडा गूळ. गोळ्या ह्यांच्या खिशात घातल्या आणि चाळीस पौंड मी माझ्या पर्समध्ये. भेटायचं ठिकाण ठरलं वेस्टमिन्स्टर. पुलाच्या टोकाला पुतळा आहे, त्याखाली, चार वाजता. आदल्या आठवड्यात आम्ही तिथून गेलो होतो. बिग बेनचा मनोरा तेव्हा दुरुस्तीसाठी परांच्यांनी वेढलेला होता आणि २०१७ च्या ऑगस्टपासून घंटाही एरवी गप्पच होती. ह्यांना तेव्हा म्हटलंसुद्धा, "एवढ्या लांबून आलो आणि घड्याळ बुरख्यात!" म्हणून घड्याळाखाली न ठरवता पुतळ्याखाली ठरवलं. ह्या वाक्याकडे लक्ष ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

वेम्ब्ली पार्कहून ज्युबिली लाइनची गाडी. आठवं स्टेशन सेंट जॉन्स वुड, तिथे हे उतरले. उतरताना "जाते ना नीट?" असं तीनदा विचारलं. दारं लागली. काचेतून हे दिसले, हात वर केलेले, डब्याची पिशवी दुसऱ्या हातात. गाडी सुटली. खोटं कशाला सांगू, पुढची दोन स्टेशनं माझ्या पोटात गोळा होता. मग मी स्टेशनं मोजायला लागले. सेंट जॉन्स वुडनंतर दहावं कॅनरी व्हार्फ. बेकर स्ट्रीट, बाँड स्ट्रीट, ग्रीन पार्क... फळ्यावर लिहिल्यासारखी एकेक पाटी येत होती. दहावं आलं, उतरले, दोघांना विचारत दुसऱ्या गाडीपर्यंत गेले. ही डॉकलँड्सची छोटी गाडी. तिला चालकच नसतो! वाहतूक नियंत्रकाच्या बायकोला हे पचायला जरा जड गेलं. पण मी सरळ सगळ्यात पुढच्या बाकावर जाऊन बसले, जिथे चालक असायला हवा होता तिथे. हे बरोबर असते तर म्हणाले असते, "मागे बस, तिथे ऊन येतंय."

कटी सार्क नावाच्या स्टेशनावर उतरले. त्याच नावाचं १८६९ सालचं जुनं शिडाचं जहाज तिथे उभं करून ठेवलंय. ते बाहेरूनच पाहिलं. मग बागेतून टेकडी चढायची. माझ्या गुडघ्यांनी ती तीन टप्प्यांत चढली. दर टप्प्यावर बाकावर बसले आणि कुणीही घड्याळाकडे बघून उसासा टाकला नाही. नुसत्या एवढ्या गोष्टीसाठीसुद्धा मी माझं मत मांडायला तयार आहे!

वर वेधशाळा. दुसऱ्या चार्ल्स राजाने १६७५ साली ती स्थापन केली. फाटकाबाहेर भिंतीत एक घड्याळ बसवलंय, १८५२ सालचं, त्याच्यावर बाराऐवजी चोवीस आकडे. त्यात अकरा वाजले होते आणि माझ्या मनगटावर बारा. शेजारी उभी असलेली एक बाई नवऱ्याला म्हणाली की हे बंद पडलंय वाटतं. मला राहवलं नाही. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, "नाही हो, हे बरोबर आहे, आपलंच चुकलंय. उन्हाळ्यात इथले लोक घड्याळं एक तास पुढे करतात. हे मात्र बारा महिने खऱ्या ग्रीनिच वेळेलाच चालतं." शिक्षकी पेशा निवृत्त होत नाही.

आणि मग अंगणात ती रेघ. फरशीत बसवलेली धातूची पट्टी. १८८४ साली वॉशिंग्टनला परिषद भरून जगाचं मूळ रेखावृत्त म्हणून तिच्यावर शिक्कामोर्तब झालं, एअरी नावाच्या खगोलशास्त्रज्ञाची दुर्बीण जिथे होती तिथून जाणारी ती रेघ. फोटोसाठी रांग होती. जोडपी एकेक पाय अलीकडे-पलीकडे ठेवून, नाहीतर एक पूर्व गोलार्धात आणि एक पश्चिम गोलार्धात उभं राहून हात धरत होती. माझा नंबर आला तर माझा हात धरायला कुणी नाही. मागच्या मुलीने माझा फोटो तिच्या फोनवर काढला आणि सुनेच्या पत्त्यावर पाठवला. त्यात मी दोन्ही गोलार्धांत पाय रोवून एकटीच उभी आहे, पदर खोचलेला. माझा स्वतःचा म्हणावा असा तो एकमेव फोटो. बाकी सगळ्यांत मी कुणाच्या तरी शेजारी आहे.

त्याच मुलीने मला अजून एक गंमत दाखवली. तिच्या फोनवर रेखांश शून्य येईचना! उपग्रहांच्या हिशेबाने शून्य अंश त्या पट्टीच्या पूर्वेला सुमारे १०२ मीटरवर, बागेत कुठेतरी येतो. मोजायची पद्धत बदलली तशी रेघ सरकली. मला जरा वाईट वाटलं आणि जरा हसूही आलं. एकतीस वर्षं ज्या रेघेसाठी छड्या उगारल्या (मारल्या नाहीत) ती शंभर मीटर इकडे-तिकडे!

आत मी सर्वांत जास्त वेळ घालवला तो हॅरिसनच्या घड्याळांपाशी. हा जॉन हॅरिसन मूळचा सुतार. त्या काळी भर समुद्रात जहाजाला आपला रेखांश कळत नसे. अक्षांश सूर्यावरून, ध्रुवावरून मिळतो, रेखांशाला मात्र दोन वेळा लागतात, आपण आहोत तिथली आणि निघालो तिथली. १७०७ साली इंग्रजांच्या आरमाराची जहाजं खडकांवर फुटून शेकड्यांनी माणसं बुडाली. मग १७१४ साली पार्लमेंटने रेखांशाचा प्रश्न सोडवणाऱ्याला वीस हजार पौंडांपर्यंत बक्षीस लावलं. मोठमोठे विद्वान आकाशाकडे बघत बसले आणि हा सुतार घड्याळ करत बसला. बोटीच्या हेलकाव्यांत, थंडी-उन्हात न चुकणारं घड्याळ. एक झालं, दुसरं झालं, तिसरं झालं, आयुष्य गेलं त्यात. चौथं १७५९ साली झालं, तळहाताएवढं, आणि ते जमलं. पहिली तीन तिथे अजून चालू आहेत, त्यांचे पितळेचे दांडे डुलताना दिसतात. चौथं मात्र बंद ठेवलंय, त्याला तेल लागतं आणि त्याने ते झिजेल म्हणून.

मी किती वेळ उभी होते? एक तास तरी नक्की. हे असते तर बारा मिनिटं. त्यांचा दोष नाही, लॉर्ड्सवर मी बारा मिनिटंसुद्धा टिकले नसते. वर्गात मी "घरची वेळ बरोबर नेली की आपण कुठे आहोत ते कळतं" हे वाक्य किती वेळा उच्चारलं असेल, पण त्या डुलणाऱ्या दांड्यांसमोर ते पहिल्यांदा मला स्वतःला समजलं.

एक वाजता छपरावरचा लाल गोळा पडतो, तो बघायला बाहेर आले. टेम्स नदीतल्या जहाजांना घड्याळं लावता यावीत म्हणून १८३३ पासून ही सोय. एकला पाच कमी असताना गोळा अर्ध्यावर चढतो, दोन कमी असताना टोकाला, आणि बरोबर एकला खाली येतो. सगळे श्वास रोखून बघत होते. माझ्या डोक्यात तेवढ्यात आलं, ह्यांनी गोळी घेतली असेल का?

आता दुसरी बाजू. ती लपवली तर मत मांडण्यात अर्थ नाही.

पावणेचारला मी वेस्टमिन्स्टरच्या पुलावर पुतळ्याखाली हजर. रथात उभी असलेली राणी, दोन मुलींसह, घोडे उधळलेले. चार वाजले. सव्वाचार. एस.टी.ची गाडी वेळेवर सोडणारा माणूस, कधी पाच मिनिटं उशीर नाही. साडेचार. माझ्याकडे फोन नाही. पाचला पाच कमी असताना मी एका मुलीला विनवून तिच्या फोनवरून ह्यांचा नंबर लावला. वाजतोय, वाजतोय, उचलत नाहीत. (नंतर कळलं, मुलाने बजावलं होतं की अनोळखी नंबर उचलू नका.) चिठ्ठीवर मुलाचाही नंबर होता. तो मी लावला नाही. ह्यांना काही झालं असलं तर एकेक मिनिट मोलाचं आहे हे कळत होतं, तरीही लावला नाही. त्याला कळलं तर तो पुन्हा कधी आम्हाला एकटं सोडणार नाही, ह्या भीतीने. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती, मुलालाही नाही. आता तो इथेच वाचेल.

सहलीला नेताना मी मुलींना सांगायची, "चुकामूक झाली तर जागेवरून हलायचं नाही, बाई शोधत येतील." मी त्याच नियमाने थांबले होते. शेवटी पाच वाजता नियम मोडला आणि पूल ओलांडायला लागले. पूल अडीचशे मीटर, पण त्या दिवशी तो संपता संपेना. पलीकडच्या टोकाला दगडी सिंहाचा मोठा पुतळा आहे. त्याच्या चौथऱ्याला टेकून हे उभे! डबा उघडा, हातात अर्धी दशमी.

"कुठे होतीस?" मला विचारतात!

झालं होतं असं की गर्दीत ह्यांचं वेस्टमिन्स्टर चुकलं, पुढच्या वॉटर्लूला उतरले, विचारत पुलापर्यंत आले. पुलाचं टोक, त्यावर पुतळा. सगळं जमत होतं. आणि "तूच सांगितलं होतंस ना, जागेवरून हलायचं नाही." सव्वा तास आम्ही एकाच पुलाच्या दोन टोकांना एकमेकांची वाट बघत होतो. मी चिडले, रडले, मग हसले. तिथेच कठड्याला टेकून उरलेल्या दशम्या खाल्ल्या.

आणि मग हे बोलायला लागले. मंडळी, त्रेचाळीस वर्षांत हा माणूस माझ्याशी सलग इतका वेळ बोललेला मला आठवत नाही. लॉर्ड्सच्या मैदानाला उतार आहे, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत अडीच मीटरचा! संग्रहालयात एक पेंढा भरलेली चिमणी आहे. १९३६ साली जहांगीर खानच्या चेंडूला लागून मेलेली, चेंडूवरच बसवलीय. ज्या अ‍ॅशेससाठी दोन देश जीव टाकतात तो करंडक वीतभरही नाही. पाहुण्या संघाच्या खोलीत शतकांचा फलक आहे, त्यावर दिलीप वेंगसरकर तीन वेळा, १९७९, १९८२, १९८६. विनू मंकड १९५२, एकशे चौऱ्याऐंशी. अजित आगरकरसुद्धा आहे, २००२. आणि गावसकर नाही, सचिन नाही! हे सांगताना ह्यांचा आवाज असा झाला की जणू आपल्याच घरचा मुलगा नापास झाला. १९८६ च्या सामन्यात वेंगसरकरचं शतक झालं तेव्हा हे स्टँडच्या केबिनमध्ये कामावर होते, ट्रान्झिस्टर कानाला. कोल्हापूर गाडीची घोषणा करता करता माइकवरून शतकही जाहीर करून टाकलं होतं आणि फलाटावर टाळ्या पडल्या होत्या. ही गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली. तोवर सांगायचं कारणच पडलं नव्हतं.

मैदानावर वाऱ्याची दिशा दाखवणारं एक यंत्र आहे. दाढीवाला म्हातारा काळपुरुष यष्टीवरच्या बेल्स काढतोय, दिवसाचा खेळ संपला म्हणून. "तुझ्याकडे घड्याळं होती, माझ्याकडे काळ होता," हे म्हणाले. मग मी हॅरिसन सांगितला. ऐकताना त्यांनी मध्ये दोन प्रश्न विचारले. तिथे बरोबर असते तर एकही विचारला नसता, पुढे चल म्हणाले असते.

(मी तेव्हाच एक माहिती काढली. लॉर्ड्सच्या त्या क्लबाने बायकांना सभासद करून घ्यायचं ठरवलं ते १९९८ साली, स्थापनेनंतर २११ वर्षांनी! नाही गेले तेच बरं झालं.)

आता आक्षेप. माझ्या नणंदेने तेव्हा फोनवर विचारलं, "वहिनी, दादाला एकट्याला सोडलंस?" माझ्या बहिणीने विचारलं, "तू एकटी गेलीस?" दोन्हींतला फरक बघा. हे चुकले असते तर मी सोडलं म्हणून, आणि मी चुकले असते तर मी गेले म्हणून. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. "अगं, एकत्र जायचं म्हणूनच तर जायचं ना? बघायचं निमित्त." हे मला पटतं. नवीन लग्न झालेल्यांनी एकत्रच फिरावं, ते तसंही पुतळा बघतच नाहीत. एकाची तब्येत बरी नसेल तर प्रश्नच नाही. आणि मी रोज म्हणत नाही, पंधरा दिवसांत एक दिवस म्हणते. पण ज्यांच्या संसाराला तीस-चाळीस वर्षं झाली आहेत त्यांना एकत्र असण्याची कमतरता नसते, एकमेकांना सांगण्यासारखं काही असण्याची असते. ते बाहेरून आणावं लागतं, आणि दोघांनी वेगवेगळं आणावं लागतं.

हे सगळं मी आज इतक्या हिरीरीने लिहितेय त्याला कारण आहे. गेली दोन वर्षं ह्यांना विसरायला होतंय. औषधं चालू आहेत, बाकी तब्येत ठणठणीत आहे, पण आता कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही मी एकटं सोडत नाही. म्हणजे तो दिवस आमचा पहिला आणि शेवटचाच ठरला. लॉर्ड्स मात्र विसरलेले नाहीत. कुणी आलं की सांगतात. मध्येच अडखळले, "उतार किती गं?" की मी म्हणते, अडीच मीटर. "ती चिमणी कुणाच्या चेंडूने?" जहांगीर खान. मला सगळं पाठ आहे, न पाहता. अलीकडे सांगताना "आम्ही दोघं गेलो होतो" असं म्हणतात. सुरुवातीला मी दुरुस्त करायची, "अहो, मी ग्रीनिचला होते." एकदा गोंधळून बघितलं माझ्याकडे, "मग हे तुला कसं माहीत?" आता दुरुस्त करत नाही. काल म्हणाले, "तू त्या काळपुरुषाचा फोटो काढला होतास बघ." म्हटलं, हो.

तर, विद्यार्थिनीने हसून फोन ठेवला होता. काल दुपारी पुन्हा फोन वाजला. ह्या वेळी तिची आई होती. आवाज हळू, बहुतेक यजमान शेजारच्या खोलीत असावेत. त्यांना क्यू गार्डन बघायचंय. घरी गच्चीवर ऐंशी कुंड्या आहेत म्हणे, आणि यजमानांना झाडांचं काडीचं प्रेम नाही, त्यांना टॉवरमधली कोहिनूरची जागा बघायचीय. "बाई, मला एकटीला जमेल का हो?" मी म्हटलं, जमेल. स्टेशनांची नावं कागदावर मोजून लिहून घ्या. पैसे स्वतःजवळ ठेवा. गोळ्या ज्याच्या त्याने घ्यायच्या. आणि पुलाच्या टोकाला भेटायचं ठरवू नका, ठरवलंत तर कुठल्या टोकाला ते दोघांच्याही कागदावर असू द्या.

त्यांनी सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, "दुसरं सिमकार्ड इथूनच घेऊन जाऊ की तिकडे मिळतं?"